मोरचुदाचं रेणुवस्तुमान १८५.६२ आलं, तर चुकलं कुठे?

मोरचुदाचे निळे खडे, म्हणजे स्फटिकजलासह (स्फटिकात बांधलेले पाण्याचे पाच रेणू धरून) कॉपर सल्फेट. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर त्याचं रेणुवस्तुमान २४९.६८ यायला हवं. पण १५९.६०, १८५.६२ किंवा थेट ८३३.५८ असंही उत्तर येऊ शकतं, आणि गंमत म्हणजे तिन्ही वेळा कॅल्क्युलेटरची बेरीज अचूकच असते. गडबड असते ती त्याला दिलेल्या सूत्रात. म्हणून आकडा वहीत उतरवण्याआधी कॅल्क्युलेटरच्या उत्तराखालचा तक्ता वाचायचा: कोणतं मूलद्रव्य, किती अणू. मोरचुदासाठी तांबं १, गंधक १, ऑक्सिजन ९, हायड्रोजन १० दिसलं की सूत्र नीट पोचलं. असा तक्ता न दाखवणारी साइट सरळ बंद करावी, दुसऱ्या खूप आहेत.

टाइप करायच्या आधी फोनचा कीबोर्ड इंग्रजीवर घ्या आणि ऑटोकरेक्ट बंद करा. मराठी कीबोर्डवरचा ५ आपल्याला अंक दिसतो, पण बऱ्याच कॅल्क्युलेटरना तो कळत नाही. पीडीएफमधून सूत्र चिकटवलं तर खाली बसलेले छोटे अंक कधी गळतात, कधी एरर देतात. हाताने टाइप केलेलं बरं.

अक्षरं कॅपिटल की स्मॉल, यावर सगळं ठरतं. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट, ५८.९३. दोन्ही कॅपिटल टाकली की कार्बन मोनॉक्साइड, २८.०१. कार्बन डायसल्फाइड ७६.१३ ऐवजी २६५.८१ आलं, तर एस स्मॉल पडून सिझियमचे दोन अणू झालेत. काही साइट सगळी अक्षरं स्मॉल टाकली तरी चालवून घेतात, पण तेव्हा त्या अंदाज बांधत असतात. त्यांच्या अंदाजावर द्रावण बनवू नका. ओ आणि शून्याचंही तसंच. पाण्याचं उत्तर १८.०१५ न येता २०.१६ आलं, तर ओच्या जागी शून्य पडलंय आणि कॅल्क्युलेटरने हायड्रोजनचे वीस अणू मोजलेत.

कंस विसरला तर काय होतं, ते चुन्यावर बघा. विरी गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ७४.०९. कंस न टाकता शेवटी नुसता २ लिहिला, तर तो फक्त हायड्रोजनला लागतो, एक ऑक्सिजन कमी पडतो आणि उत्तर येतं ५८.०९. हा आकडा कळीच्या चुन्याच्या ५६.०८ च्या इतका जवळ आहे की घाईत खरा वाटून जातो.

आता स्फटिकजल. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पुस्तकात सल्फेट आणि पाण्याच्या मध्ये एक टिंब असतं. ते न टाकता सूत्र सलग लिहिलं, तर ओनंतरचा ४ आणि पाण्याआधीचा ५ एकमेकांना चिकटून ऑक्सिजनचे ४५ अणू होतात: तेच ते ८३३.५८. टिंब टाकलं तर काही कॅल्क्युलेटर ते दशांशचिन्ह समजतात, मग साडेचार ऑक्सिजन आणि पाण्याचा एकच रेणू, १८५.६२. काही साइटना टिंबाऐवजी फुली किंवा तारा लागतो. या भानगडीत न पडता पाणी कंसात लिहा आणि कंसाबाहेर ५ टाका. ही रीत जवळजवळ सगळीकडे चालते. उरलेलं १५९.६० हे निर्जल कॉपर सल्फेटचं, पांढऱ्या भुकटीचं. निळ्या खड्यांसाठी ते वापरायचं नाही. द्राक्षबागेत बुरशीसाठी फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद घेतात. त्या मोरचुदात तांबं २५.४५ टक्के, म्हणजे सुमारे २५४ ग्रॅम. निर्जल धरलं तर हाच हिशेब ३९८ ग्रॅमवर जातो.

बारावीच्या प्रॅक्टिकलला हीच चूक ऑक्झॅलिक आम्लात होते. बाटलीतले स्फटिक बहुधा पाण्याचे दोन रेणू धरून असतात: १२६.०६. निर्जलचे ९०.०३. ०.१ मोलर द्रावण २५० मिली करायचं तर १२६.०६ × ०.१ × ०.२५, म्हणजे ३.१५ ग्रॅम घ्यायचं. ९०.०३ धरून २.२५ ग्रॅमच घेतलं, तर द्रावण जेमतेम ०.०७१ मोलर होतं आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन कितीही वेळा केलं तरी जुळत नाही. त्यामुळे आधी बाटलीवरचं लेबल वाचा. त्यावर रेणुवस्तुमान छापलेलं असतं, कॅल्क्युलेटरचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा.

दोन साइटच्या उत्तरांत दुसऱ्या दशांशाचा फरक पडला तर घाबरू नका. गंधकासाठी एक साइट ३२.०६ धरते, दुसरी ३२.०६५. नैसर्गिक गंधकात समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचं) प्रमाण ठिकाणानुसार थोडं बदलतं, म्हणून आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आता त्याचं अणुवस्तुमान ३२.०५९ ते ३२.०७६ असं पट्ट्यात देते. गंधकाचे दोन अणू असलेल्या मोहर सॉल्टला (फेरस अमोनियम सल्फेटला) त्यामुळे कुठे ३९२.१३ दिसेल, कुठे ३९२.१४. शाळा-कॉलेजच्या काट्यावर हा फरक दिसतसुद्धा नाही.

सूत्र आठवत नसेल तर पबकेम या रसायनांची माहिती देणाऱ्या साइटवर इंग्रजी नाव टाकून शोधता येतं. तिथे निर्जल आणि स्फटिकजलासहित अशा वेगळ्या नोंदी असतात, तेव्हा उघडलेली नोंद कोणती ते बघा. त्याच पानावर मॉलेक्युलर वेट आणि मोनोआयसोटोपिक मास असे दोन आकडे दिसतात. क्लोरोफॉर्मसाठी पहिला ११९.३७, दुसरा ११७.९१, कारण दुसऱ्यात क्लोरीनचा फक्त ३५ वस्तुमानांकाचा समस्थानिक धरलेला असतो. काट्यावर पदार्थ तोलायचा असेल तर पहिला आकडा घ्या. मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखावर शिखर शोधायचं असेल तरच दुसरा.