लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवताना

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बाहेरच्या डेव्हलपरचा कोड ईमेलने जातो. गिटहबवर कर्नलची प्रत आहे, पण तिथे टाकलेल्या पुल रिक्वेस्टचा (बदल घेण्याच्या विनंतीचा) उपयोग नाही. पॅच, म्हणजे कोडमधला बदल दाखवणारी फाइल, तो भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरलाच पाठवावा लागतो.

एका पॅचमध्ये एकच काम ठेवा. दोष काढताना जवळच्या ओळींची मांडणीही सुधारलीत, तर तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावे लागते. अनेक पॅचची मालिका असेल तर तिच्यातल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे, नाहीतर गिट बायसेक्टने (कोडचा इतिहास अर्धा-अर्धा करत) दोष हुडकणारा मध्येच अडकतो.

गिटमध्ये बदल नोंदवताना, म्हणजे कमिट करताना, छोटा एस (-s) हा पर्याय द्या. त्याने कमिटच्या संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ येते: हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असे तुम्ही लिहून देता. २००४ पासूनचा हा नियम आहे. ओळ नसेल तर पॅच घेत नाहीत. मोठा एस दिलात तर जीपीजी या साधनाची डिजिटल सही होते, ही ओळ येत नाही. नवखे इथे हमखास फसतात.

संदेशाच्या शीर्षकात आधी उपप्रणालीचे (कर्नलच्या त्या भागाचे) नाव, मग कोलन, मग बदल. सगळे ७५ अक्षरांच्या आत. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच, म्हणून खाली बदल का केला ते लिहा. दोष जुन्या कमिटमुळे आला असेल तर ‘फिक्सेस’ या ओळीत त्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरे द्या.

गिट फॉरमॅट-पॅचने फाइल काढा, पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवा, आणि कोणाला पाठवायचे ते गेट-मेंटेनर या स्क्रिप्टला विचारा. मग गिट सेंड-ईमेलने आधी स्वतःलाच पाठवून गिट एएमने (ईमेलमधला पॅच कोडला लावणाऱ्या आज्ञेने) लावून बघा. जीमेलच्या वेबपानावरून पाठवू नका: ते ओळी तोडते, टॅबच्या स्पेस करते आणि पॅच लागत नाही. एचटीएमएल मेल तर कर्नलच्या मेलिंग लिस्टचा सर्व्हरच परत पाठवतो.

उत्तरासाठी किमान आठवडाभर थांबा. नवी आवृत्ती निघाल्यावर दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) असते, तेव्हा आणखी उशीर होतो. शेरे आले तर प्रत्येकाला त्याच्याच खाली उत्तर द्या. सुधारित पॅचच्या शीर्षकात ‘व्ही२’ हवे. काय बदलले ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही.