‘झटका’ म्हणजे नेमकं काय? खेळाच्या बातमीतून आजार समजावताना

एखादा खेळाडू मैदानात कोसळला की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर दोन सल्ले हमखास फिरतात: जोरजोरात खोका, आणि सोर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, खिशात ठेवा. लोकांचं लक्ष हृदयाकडे असतं ते याच दोन-चार दिवसांत. शाळेच्या अंकासाठी, जिमखान्याच्या फलकासाठी किंवा वर्तमानपत्राच्या सदरासाठी नीट समजावून सांगायचं असेल, तर हीच वेळ असते.

बातमी निवडा

संघाचे डॉक्टर किंवा खेळाडू स्वतः बोलले असतील, तीच बातमी घ्या. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असेल तर चार दिवस थांबा.

इथे उदाहरण डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन याचं घेऊ. १२ जून २०२१, कोपनहेगन, युरो स्पर्धेत फिनलंडविरुद्धचा सामना. पूर्वार्ध संपत आलेला, आणि थ्रो-इनच्या चेंडूपाशी एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता कोसळला.

कळलेलं आणि तर्कातलं वेगळं काढा

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे: कार्डिअॅक अरेस्ट आला (म्हणजे काय, ते पुढे), सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं, डिफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राचा, एक शॉक दिला, भान परत आलं. उजवीकडे: का झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच कारण सापडलं नसल्याचं सांगितलं होतं, म्हणून ती बाजू कोरी सोडा. कोरी जागा आवडत नाही म्हणून तिथे ‘अतिताण’ लिहिणारे खूप आहेत.

‘झटका’ फोडून सांगा

गाडं अडतं ते इथे. मराठीत ‘हृदयविकाराचा झटका’ या एकाच शब्दप्रयोगात आपण दोन वेगळ्या घटना कोंबतो. ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ या छापील वाक्याने तर काहीच कळत नाही. प्रत्येक मृत्यूत हृदय थांबतंच.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी अडते. छातीवर दाब येतो, घाम फुटतो, पण माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो आणि हृदय चालू असतं. त्याच वर्षी जानेवारीत कोलकात्यात घरी व्यायाम करताना सौरव गांगुलीला झालं ते हे. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. कार्डिअॅक अरेस्टमध्ये हृदयाचा ताल बिघडतो आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. एरिक्सनचं झालं ते हे. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, म्हणून गोंधळ होतो. तेही एका वाक्यात सांगून टाका, लपवू नका.

आता उपमा. ‘मोटार बंद पडली, शॉक देऊन चालू केली’ ही उपमा कृपा करून वापरू नका. ऐकायला सोपी आहे आणि साफ चुकीची आहे. अचानक आलेल्या अरेस्टमध्ये बहुधा हृदय आधी निपचित पडत नाही, ते नुसतं थरथरत असतं. त्याऐवजी ढोल-ताशा पथक घ्या. ताशा ताल धरतो, पन्नास ढोल त्यावर पडतात. आता प्रत्येक ढोलवाला आपापल्या मनाने बडवायला लागला तर गोंगाट प्रचंड, पण ठेका नाही. तसंच हृदयात होतं: वीज आहे, हालचाल आहे, रक्त मात्र पुढे जात नाही. शॉक म्हणजे पथकप्रमुखाची शिट्टी. क्षणभर सगळे ढोल थांबतात, आणि ताशा पुन्हा ठेका धरतो. शॉक हृदय चालू करत नाही, गोंधळ थांबवतो. पडद्यावर सरळ रेघ दिसताच शॉक देणारे चित्रपटातले डॉक्टर म्हणूनच चुकीचे: जिथे एकही ढोल वाजत नाही, तिथे शिट्टी कुणासाठी?

हा फरक पांडित्यासाठी नाही. शुद्धीत असलेल्या माणसाची छाती दाबायची नसते, आणि बेशुद्धाच्या तोंडात गोळी कोंबायची नसते. ‘झटका’ म्हणून सोडून दिलंत, तर वाचक दोन्ही करतो.

आणखी एक बारकावा. डॉक्टर पोचले तेव्हा एरिक्सनचा श्वास चालू होता, नाडीही लागत होती. मग चित्र पालटलं. अरेस्टनंतर घोरल्यासारखे, आचके दिल्यासारखे श्वास काही काळ येऊ शकतात, आणि ‘श्वास आहे ना’ म्हणून लोक हात बांधून उभे राहतात. हे वाक्य गाळू नका.

एका खेळाडूचं कारण दुसऱ्याला चिकटवू नका

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिनच्या छातीवर धडक बसली. तो उठला आणि मागे कोसळला. ते कोमोशिओ कॉर्डिस होतं: ठोक्याच्या चक्रातल्या सेकंदाच्या काही शतांशांच्या नेमक्या फटीत छातीवर आघात. हाड मोडत नाही, वाहिनी अडत नाही, ताल बिघडतो. सीझन बॉलने खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना हे सांगावं, कारण मुलांची छाती लवचिक असते. चाळिशीतल्या जॉगरला सांगून उपयोग नाही. पस्तिशीनंतर व्यायामात कोसळण्यामागे बहुतेकदा वाहिन्यांचा आजार असतो. त्याआधी स्नायूचे किंवा विद्युतवहनाचे, अनेकदा आनुवंशिक दोष.

आकडे द्या, मोजकेच

प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही: १०८ला फोन, छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एईडी, म्हणजे ताल स्वतः तपासणारं, कुणालाही वापरता येईल असं शॉकचं यंत्र, मिळालं तर लगेच लावायचं. गरज नसेल तर ते शॉक देतच नाही. सीपीआर आणि शॉकविना दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

पुनरागमन बेताने लिहा

एरिक्सनच्या शरीरात आयसीडी, म्हणजे शॉक देणारं छोटं यंत्र, बसवलं. इटलीच्या लीगमध्ये ते घेऊन खेळता येत नाही, म्हणून इंटर मिलान सुटलं. फेब्रुवारी २०२२मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून उतरला. ‘आठ महिन्यांत मैदानात’ असा मथळा दिलात तर अँजिओप्लास्टी झालेला एखादा काका तो स्वतःला लावून घेईल. आयसीडी म्हणजे ढोल बिघडले की आपोआप वाजणारी शिट्टी. बिघडण्याचं कारण ती दूर करत नाही, एवढं लिहा.

छापण्याआधी एकाला वाचून दाखवा

डॉक्टर नसलेल्या कुणालाही. मग एवढंच विचारा: ‘शॉक कशाला देतात?’ उत्तर ‘बंद पडलेलं हृदय चालू करायला’ असं आलं, तर ‘झटक्या’चा भाग पुन्हा लिहा.