ऑनलाइन थेरपी देताना थेरपिस्टनी या चुका टाळा

पणजीतल्या क्लिनिकचं दार लावलं की कितीतरी गोष्टी न बोलता ठरतात. आत कोण आहे, बाहेर काय ऐकू जातं, वेळ कधी संपते, काही बिघडलं तर कोण धावून येईल. सत्तरीतल्या घरातून किंवा वास्कोतल्या फ्लॅटमधून क्लायंट फोनवर येतो, तेव्हा यातलं काहीच आपोआप ठरत नाही. ऑनलाइन सेशन फसतं ते बहुतेक वेळा या न ठरवलेल्या गोष्टींमुळे, उपचारपद्धतीमुळे क्वचितच.

"आत्ता कुठे आहात?" हे न विचारणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. फॉर्मवर पत्ता डिचोलीचा असतो, आणि क्लायंट त्या दिवशी काणकोणला बहिणीकडे असतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवून त्याने फोन ठेवला, तर मदत कुठल्या गावात पाठवणार? म्हणून प्रत्येक सेशनच्या पहिल्या मिनिटात गाव, वाडा आणि जवळची खूण विचारून नोंदवा. पहिल्याच भेटीत जवळच्या एका माणसाचा नंबर घ्या आणि कोणत्या परिस्थितीत त्याला फोन कराल, हे क्लायंटशी बोलून लिहून ठेवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं, पण जिवाला धोका असताना आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही त्यातच आहे. क्लायंटला हे आधी सांगितलेलं असलं तर त्या क्षणी त्याला विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

टेबलावर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: 112, रुग्णवाहिकेसाठी 108, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, आणि क्लायंटच्या गावापासून जवळचं सरकारी हॉस्पिटल. मानसोपचाराची संस्था बांबोळीला आहे, पण पेडण्याहून आधी म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल लागतं. क्लायंट बोटीवर किंवा आखातात नोकरीला असेल तर यातला एकही नंबर कामाचा नाही. तिथली आपत्कालीन व्यवस्था कोणती आणि तिथे राहणाऱ्याला इथून थेरपी देणं त्या देशाच्या नियमांत बसतं का, हे पहिल्या सेशनच्या आधी पाहायचं.

खोली बंद आहे म्हणजे खाजगी आहे, असं समजणं

जुन्या कौलारू घरात भिंती अनेकदा छपरापर्यंत जात नाहीत. दार लावलं तरी शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. क्लायंट "हो, एकटीच आहे" म्हणते आणि मग अर्धा तास फक्त "बरं आहे, चाललंय" एवढंच बोलते. थेरपिस्टला वाटतं, ही मोकळी होत नाही. खरं तर सासू पलीकडे भाजी चिरत बसलेली असते.

यावर उपाय साधे आहेत. वायरचे इयरफोन वापरायला सांगा, म्हणजे तुमचा आवाज तरी बाहेर जात नाही. दाराखालच्या फटीत टॉवेल, दाराबाहेर रेडिओ. कोणी आत आलं तर बोलायचं एक साधं वाक्य आधी ठरवा, "उद्या बाजाराला जायचंय" असं काहीतरी. ते ऐकताच तुम्ही विषय बदलायचा, का म्हणून विचारायचं नाही. "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारले की ऐकणाऱ्याला धागा लागत नाही. बरेच जण झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत बसतात. ही जागा चांगली आहे, पण एप्रिल-मे महिन्यात काचा लावून 50 मिनिटं बसवत नाही, तेव्हा सकाळी लवकरची वेळ द्या. चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्या आठवड्याचं आधीच विचारून घ्या.

गोपनीयता फोनमधूनही फुटते. आठवणीच्या मेसेजमध्ये "थेरपी" हा शब्द नको, "उद्या 4 वाजता" एवढं पुरे. यूपीआयवर तुमचं नाव "मनोविकार क्लिनिक" असं दिसत असेल आणि खातं नवऱ्यासोबतचं असेल, तर पासबुकच सगळं सांगून टाकतं. घरात मारहाण होत असलेल्या बाईसाठी हा तपशील जिवाशी खेळ ठरू शकतो.

कनेक्शन तुटल्यावर काय करायचं, हे न ठरवणं

पावसाळ्यात वीज जाणारच. चूक अशी होते की दोघंही एकाच वेळी एकमेकांना फोन लावत राहतात आणि दोघांनाही तो व्यस्त लागतो. नियम ठरवा: थेरपिस्टनेच फोन करायचा. 2 मिनिटं वाट पाहून पुन्हा व्हिडिओ, नाही जमलं तर साधा कॉल, तोही लागला नाही तर मेसेज. राउटरला त्याच्या अडॅप्टरइतक्याच व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, बहुतेक राउटरना 12 व्होल्टचा लागतो. दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा. तासाभराच्या व्हिडिओला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा जातो; डेली पॅकवर असलेल्या क्लायंटला हे आधी सांगा. आघाताच्या आठवणींचं काम शेवटच्या 15 मिनिटांत उघडू नका. नेमकं तेव्हाच कनेक्शन गेलं तर माणूस त्या आठवणीत एकटा अडकतो.

शांततेचा चुकीचा अर्थ

समोरचा गप्प आहे की चित्र अडकलंय? घाईने "हॅलो, ऐकू येतंय ना?" विचारलं की रडू येणारा माणूस आवरून घेतो. पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या केसांकडे, पापण्यांकडे, खिडकीच्या पडद्याकडे पाहा. तिथे हालचाल असेल तर थांबा. दुसरी अडचण ॲपची. आजूबाजूचा आवाज कमी करणारी सोय हलका हुंदका आणि खोल श्वासही गोंगाट समजून गाळू शकते. झूमवर क्लायंटच्या बाजूने ओरिजिनल साउंड (आवाज न गाळता पाठवणारी सोय) चालू करायला सांगा, आणि फोन पंख्याच्या झोतात नको.

कॅमेऱ्यात फक्त चेहरा येतो. थरथरणारे हात, हलणारे पाय, दारूचा वास यातलं काहीच पोचत नाही, म्हणून विचारावं लागतं: "आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय? आज काही प्यायलात का?" पहिल्या सेशनला फोन लांब ठेवून एकदा पूर्ण बसलेलं पाहून घ्या. क्लायंट दिसतो ती स्क्रीनवरची चौकट कॅमेऱ्याच्या लगेच खाली ओढा, म्हणजे नजर जुळल्यासारखी वाटते, आणि स्वतःचं चित्र लपवा. दिवसभर स्वतःचा चेहरा पाहत राहणं हे व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण म्हणून स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं होतं. लागोपाठ सेशन न लावता मध्ये 15 मिनिटं सोडा आणि ती पडद्यापासून दूर घालवा.

सगळ्यांनाच ऑनलाइन घेणं

नसलेले आवाज ऐकू येणं किंवा संशय यांचा जोर असताना, आत्महत्येची ठरवलेली योजना असताना, किंवा त्रास देणारा माणूस त्याच घरात ऐकत असताना व्हिडिओवर काम चालवू नका. अशा वेळी प्रत्यक्ष भेट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं, हे पहिल्याच दिवशी लिहून घेतलेल्या संमतीत असू द्या, म्हणजे पुढे ते सांगताना "मला टाळताय का?" असा प्रश्न क्लायंटच्या मनात येणार नाही.