एआर-१५ साठी पितळी पुंगळ्या रिसाइझ कशा करायच्या

रिसाइझ म्हणजे बारात फुगलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे प्रेसवर लावलेल्या पोलादी साच्यात, दाबून परत मापात आणणं. आधी एक गोष्ट, हे सगळं अमेरिकेतल्या नेमबाजांसाठी आहे. तिकडे स्वतःपुरतं रीलोडिंग (उडालेल्या पुंगळीत नवीन प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी भरणं) करायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. भारतात मात्र लायसन्सशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, भारतात हे करायचं नाही.

बोल्ट अ‍ॅक्शनवाले कधीकधी नुसती नेक (पुंगळीचं गोळी धरणारं तोंड) साइझ करून भागवतात, कारण बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) हाताने दाबून बंद करता येतो. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटो रायफलमध्ये (जी पुढचं काडतूस स्वतःच भरते) तो जोर फक्त स्प्रिंगचा असतो, पुंगळी जराशी फुगलेली राहिली तरी बोल्ट पूर्ण लॉक न होता अडकतो. त्यामुळे इथे दरवेळी फुल-लेंग्थ साइझिंगच (अख्खी पुंगळी दाबणं) करायचं, यात तडजोड नको.

पहिलं काम म्हणजे पुंगळ्या धुवून एकेक तपासणं. बुडाच्या थोडं वर चकचकीत गोल रेघ दिसली की ती पुंगळी सरळ भंगारात, पितळ तिथे आतून पातळ झालेलं असतं आणि पुढच्या बाराला तिथूनच तुटू शकतं. शंका आली तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा, खाच लागते का बघा.

मग ल्यूब, म्हणजे वंगण. अंगाला पातळ हात आणि नेकच्या आतून ब्रशने थोडंसं. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की ड्रिल करून आटे पाडून ओढून काढावी लागते, जास्त झालं तर शोल्डरवर (नेकखालच्या उतारावर) खड्डे पडतात.

आता खरं काम, डाय सेट करणं. डायच्या कागदावर लिहिलेलं असतं की शेल होल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकवा आणि वर थोडा फेरा द्या, पण एवढ्यावर विसंबू नका, मोजा. रायफलमधून उडालेल्या चार-पाच पुंगळ्यांचे प्रायमर काढा (फुगलेला प्रायमर माप चुकवतो) आणि कॅलिपरला कंपॅरेटर (शोल्डरवर टेकणारं बुशिंग धरणारा जोड) लावून बुडापासून शोल्डरपर्यंतचं माप घ्या, एआर-१५ च्या २२३ रेमिंग्टन काडतुसाला ०.३३० इंचाचं बुशिंग लागतं. साइझ केल्यावर हे माप ३ ते ४ थाऊ कमी यायला हवं, म्हणजे ०.००३ ते ०.००४ इंच. यापेक्षा कमी दाबलं तर बोल्ट अडेल, आणि उगाच ८-१० थाऊ मागे ढकललंत तर दर बाराला पितळ ताणलं जाऊन तीच बुडाजवळची रेघ लवकर येईल. डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एक थाऊसाठी साधारण ५ अंश फिरवायचं, जेमतेम हलवल्यासारखं वाटतं पण तेवढंच पुरतं, घाई केली की हमखास पुढे जातं. थोडं फिरवा, एक पुंगळी साइझ करा, मोजा, परत फिरवा, माप जमलं की लॉक रिंग घट्ट.

नंतर दोन-चार साइझ केलेल्या पुंगळ्या केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायची नळी) टाकून बघा, दोन्ही टोकं पायऱ्यांच्या मध्ये बसली पाहिजेत. शोल्डरचं माप बरोबर असूनही अडकत असतील तर बूड फुगलेलं असू शकतं, विशेषतः दुसऱ्याच्या रायफलमधून आलेल्या पितळाचं, मग स्मॉल बेस डाय (बुडाकडे जास्त दाबणारा) घ्या.

साइझ केल्यावर पुंगळी लांबते म्हणून ट्रिमिंग नेहमी नंतरच. २२३ ला जास्तीत जास्त १.७६० इंच, कापायचं १.७५० ला, मग तोंडाची धार आतून-बाहेरून काढायची. मिलिटरीचं पितळ असेल, लेक सिटी या अमेरिकी लष्करी कारखान्याचं वगैरे, तर प्रायमर पॉकेटचा क्रिंप (प्रायमर घट्ट धरणारी दाबलेली कड) काढल्याशिवाय नवीन प्रायमर नीट बसत नाही. एआर-१५ ची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट आपटताना प्रायमरला हलकी खूण करतेच, म्हणून वर आलेला प्रायमर अजिबात चालणार नाही, बोट फिरवून बघा, तो बुडाच्या किंचित आतच लागला पाहिजे.

शेवटी ल्यूब पूर्ण पुसून टाका, तेलकट पुंगळी चेंबरला (नळीतली काडतूस बसायची जागा) धरत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो. आणि जुन्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, तेव्हा चहा घेण्याआधी हात साबणाने धुवा.