फिल्मवर पांढरीशुभ्र पार्श्वभूमी: आधी कागद, मग कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्यात उजेड वाढवला की मागचं पांढरं जळतं आणि मागे लावलेल्या कागदाच्या सुरकुत्याही त्यातच गडप होतात. फिल्मची निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावर उजेड-अंधार उलटा उमटतो ती पट्टी, इतकी दयाळू नाही. उजळ भागातले तपशील ती धरून ठेवते, त्यामुळे सुरकुती, डाग, एखादा मळकट कोपरा, सगळं पडद्यावर येतं. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही एका लावणी नर्तकीला सोळा एमएम रुंदीच्या फिल्मवर टिपलं, तेव्हा अर्धा दिवस कागदातच गेला.

सलग कागदाचा रोल साधारण 2.72 मीटर रुंद येतो. रिक्षात मावत नाही, टेम्पोच सांगा. लावणीच्या गिरकीला तो अपुरा पडतो, 3.55 मीटरचा मिळाला तर उत्तम. वरून सोडून जमिनीवर ऐसपैस वळणाने पुढे आणा, घडी पडू देऊ नका. पावसाळ्यात दमट हवेने कागद फुगतो, म्हणून त्याच दिवशी उघडा. आणि आलता पूर्ण वाळू द्या! आमच्याकडे पहिल्याच तालमीत लाल पावलं उमटली, तेवढा कागद कापून टाकावा लागला.

कलाकार कागदापासून अडीच-तीन मीटर पुढे हवा. कागदाचे दिवे वेगळे, कलाकाराचे वेगळे. दोन्ही बाजूंना काळं कापड लावा, नाहीतर मागचा उजेड गालांवर सांडतो.

आता खरं काम मीटरचं, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राचं. ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट किती उघडी ठेवायची ते) ठरवायचं ते कलाकाराच्या चेहऱ्याजवळच्या मापावर. मग मीटरचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे करून कागदाजवळ मापा. पांढरा कागद मुळातच मधल्या राखाडीपेक्षा, म्हणजे मीटर जो रंग प्रमाण धरतो त्यापेक्षा, सव्वादोन स्टॉप उजळ असतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणून इथे चेहऱ्यापेक्षा अर्धा स्टॉप जास्त भरला तरी पुरे. हौसेने दीड-दोन स्टॉप वाढवलं की उजेड लेन्समध्ये पसरतो आणि नऊवारीचे काठ दुधाळ होतात. चारही कोपरे मापा, फरक पाव-तृतीयांश स्टॉपच्या आत आणा. कंटाळवाणं आहे, पण इथे टाळाटाळ केलीत तर रंगदुरुस्तीच्या टेबलावर रडाल.

आपली वीज 50 हर्ट्झची. दिवे लुकलुकू नयेत म्हणून सेकंदाला 24 फ्रेम असतील तर फिरत्या शटरची उघडी फट 172.8 अंश ठेवा, किंवा सरळ 25 फ्रेम आणि 180 अंश.

तालमी फिल्म न फिरवता करा. सोळा एमएमचा 100 फुटी रोल 24 फ्रेमने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतो.

प्रत्येक टेकनंतर कॅमेऱ्याचं गेट, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो ती चौकट, तपासा. निगेटिव्हवर नंतर बसलेली धूळ चित्रात पांढरी दिसते, म्हणजे इथे खपून जाते. गेटमध्ये अडकलेला केस मात्र काळा उमटतो. गडद दृश्यात तो लपला असता. आमच्या एका अख्ख्या रोलवर तो नर्तकीच्या डोक्याशेजारी वळवळत राहिला, आणि तोवर घुंगरं सोडून ती घरीही पोचली होती.

रोलच्या सुरुवातीला कलाकाराच्या उजेडात राखाडी कार्ड (त्याच मधल्या राखाडी रंगाचं) दोन-तीन सेकंद टिपा. स्कॅन करणाऱ्याला सांगा: पातळी या कार्डावरून लावायची, मागच्या पांढऱ्यावरून नाही.