नसेजवळची साधी गाठ : शस्त्रक्रियेला सामोरे जाताना

कोपराच्या आतल्या बाजूची गाठ दाबताच करंगळीपर्यंत झिणझिण्या जात असतील, तर ती चरबीची गाठ समजून जागा बधिर करून घाईने काढून घेऊ नये. ती मज्जातंतूच्या (म्हणजे नसेच्या) आवरणातून वाढलेली, कर्करोग नसलेली श्वानोमा असू शकते. अशी गाठ आडवी सरकते, पण नसेच्या लांबीच्या दिशेने सहसा हलत नाही. आधी एमआरआय करावा. बोटांची ताकद व संवेदना यांची लेखी नोंद मात्र आग्रहाने करून घ्यावी, कारण शस्त्रक्रियेनंतरची तुलना तिच्याशीच होते.

शस्त्रक्रियेत सर्जन भिंगातून किंवा सूक्ष्मदर्शकातून पाहत नसेचे बाह्य आवरण लांबीच्या दिशेने उघडतात, विजेच्या सौम्य उत्तेजनाने कार्यरत तंतू ओळखून ते बाजूला सारतात आणि शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ अखंड सोडवतात. न्यूरोफायब्रोमा ही नसेचीच दुसऱ्या प्रकारची गाठ तंतूंतच गुंतलेली असल्याने तेथे हे इतके सुकर नसते. अशी गुंतलेली गाठ पूर्ण काढण्याचा हट्ट रुग्णाने धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे. नंतर काही आठवडे बधिरपणा राहू शकतो; बोटे फाकवता येईनाशी झाली, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवावे.