दाराची फट, डँपर आणि संपत जाणाऱ्या टाक्या

मातीची भांडी भाजायची गॅसची भट्टी ११०० अंशांवर येऊन अडकली की सल्ले द्यायला माणसं गोळा होतात. नोझल मोठं करा, रेग्युलेटर बदला, आणखी एक टाकी जोडा. मला तर एका सल्लागारांनी अख्खा बर्नरच नवा घ्यायला सांगितला होता, आणि बर्नर अर्थातच त्यांच्याकडंच मिळत होता. दाराकडं कुणी बघत नाही. १९ किलोची टाकी डोळ्यांदेखत रिकामी होताना पोटात जो गोळा येतो तो मी विसरलेले नाही, त्यामुळं पुढं कुठं तिखट लागलं तर चालवून घ्या.

बिस्किट (भांड्याची पहिली भाजणी), ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप), कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका), डँपर (चिमणीची ओढ कमी-जास्त करणारी झडप) एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं कळेल. समोरून दार असलेली, चिमणीवाली, एलपीजीवरची छोटी भट्टी डोळ्यासमोर ठेवून लिहिते आहे.

सामानाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. हे फौंड्र्यांचं गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फायरक्ले (उष्णता सोसणारी माती), इन्सुलेशन विटा, सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची जाड चादर) हा रोजचा माल आहे. ‘स्टुडिओसाठी खास’ असा शिक्का मारलेलं सामान बाहेरून मागवू नका, शिक्क्याचेच पैसे जातात. आणि माझं ठाम मत आहे की दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा फौंड्रीत भट्टीचं अस्तर (लायनिंग) करणाऱ्या एखाद्या मिस्त्रींना चहा पाजावा. त्यांना ग्लेझ कळत नसेल, पण गरम हवा कुठून पळते ते बरोबर कळतं.

खरेदीत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. दाराची फट बुजवायला दोरी लागते, आणि काचेच्या धाग्याची दोरी आणि सिरॅमिक दोरी दिसायला सारख्याच पांढऱ्या असतात. काचेची साडेपाचशे अंशांच्या आसपास हात टेकते, त्यामुळं किंमत कमी म्हणून ती उचलू नका. ब्लँकेटवर लिहिलेलं १२६० अंश हाही वर्गवारीचा आकडा असतो, रोज तेवढं तापवायचं असा त्याचा अर्थ नाही. रोजच्या वापराची मर्यादा त्याच्या शंभरेक अंश खाली धरा. १२२० पर्यंत जाणारं स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली घट्ट भांडी) भाजणार असाल तर आगीला तोंड देणाऱ्या कडेला १४२५ ची जात घ्या. जुन्या बाजारात ॲस्बेस्टॉसची दोरी मिळाली तर फुकटसुद्धा नको.

दार थंड असताना तपासायचं ते असं. वर्तमानपत्राची पट्टी चौकटीत ठेवून दार आवळा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथं फट आहे. चारही बाजूंनी, कोपऱ्यांत तर नक्कीच. बहुतेक वेळा बिजागरीकडचा खालचा कोपरा सापडतो, कारण दार स्वतःच्या वजनानं लोंबतं. दाराच्या कडेला लावलेली ब्लँकेटची पट्टी अंगठ्यानं दाबल्यावर परत वर येत नसेल तर तिचं आयुष्य संपलं. त्यावर बोल्ट आणखी आवळून उपयोग नाही, चौकटच वाकते. लोखंडाची मीटरभर चौकट शंभर अंशांनी तापली की मिलिमीटरभर वाढते. तेव्हा दाराचे बोल्ट शक्यतो स्प्रिंगवाले करून घ्या.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं ते सांगते, आणि जरा लांबण लावूनच सांगते.

भट्टी पेटली की दाराच्या वरच्या फटीतून ज्वाळेची जीभ बाहेर येते. ती दिसते, म्हणून सगळेजण तीच बुजवत बसतात. पण पैसे खाणारी फट खाली असते आणि ती दिसत नाही. गरम हवा वर दाबते आणि वरून बाहेर पडते. खाली मात्र भट्टी बाहेरची थंड हवा आत ओढते. एक घनमीटर हवा १२०० अंशांपर्यंत तापवायला साधारण दीड मेगाज्यूल उष्णता लागते. किलोभर एलपीजी जळून सुमारे ४६ मेगाज्यूल मिळतात, आणि तेवढ्या तापमानाला त्यातले निम्म्याहून जास्त धुराबरोबर चिमणीतून जातातच. उरलेल्यातून तुम्ही अंगणातली हवा तापवत बसता.

बरं, खालची फट बुजवली म्हणून प्रश्न संपला असंही नाही. डँपर सताड उघडा असेल तर चिमणी सगळ्या भट्टीला ओढते, आणि मग वरची-खालची प्रत्येक बारीक चीर हवा आत घेते. ज्वाळा बाहेर दिसेनाशी होते, माणूस खूश होतो की सील छान बसलं, आणि गॅस मात्र पहिल्यापेक्षा जास्त जळतो. म्हणजे नवीन दोरी बसवायची आणि डँपर जुन्याच खुणेवर ठेवायचा, हाच सापळा. सील आणि डँपर ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

शोधायचं साधन घरातच आहे: उदबत्ती. भट्टी ८००-९०० च्या पुढं गेली की लांब काडीला उदबत्ती बांधून दाराच्या कडेनं सावकाश फिरवा, तोंड बाजूला ठेवून. धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो ते बघा. मग डँपर थोडाथोडा सरकवत आणा, भट्टीत डोकवायच्या भोकांपैकी वरच्या भोकाशी धूर हलकेच बाहेर ढकलला जाईल आणि मधल्या भोकाशी जवळपास स्थिर राहील इथपर्यंत. प्रत्येक वेळी बर्नरची ज्योत बघा. ती पिवळी पडली, मागं येऊ लागली किंवा गॅस न जळल्याचा वास आला तर डँपर जास्त बंद झालाय. लगेच उघडा.

(उदबत्ती गॅसच्या नळीची गळती शोधायला वापरायची नाही. तिथं साबणाचं पाणी. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून शेडची खालची बाजू मोकळी हवी. भट्टी घट्ट करा, शेड नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.)

काट्यावर भरवसा ठेवू नका. त्याला तापमान कळवणारा थर्मोकपल बहुतेक भट्ट्यांत मागच्या बाजूला वर असतो, त्याला दाराजवळच्या खालच्या फळीचं काही कळत नाही. कोन तीन ठिकाणी लावा, त्यातला एक खाली दारालगत. वरचा पूर्ण वाकलाय आणि हा ताठ उभा असेल तर कारण समोरच आहे. थंड होताना फक्त दाराजवळचीच भांडी तडकत असतील तरी संशय तिथंच घ्या. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ (गारेचा स्फटिक) आकार बदलतो आणि नेमका तेव्हा गार झोत लागला की चीर जाते.

इतकं वाचून कुणी सुरुवातीपासूनच सगळं लिंपून टाकेल म्हणून सांगते: बिस्किटाला सहाशेच्या पुढं जाईपर्यंत वरच्या भोकाचं बूच उघडं ठेवा. मातीतलं पाणी, वाफ, जळका कचरा बाहेर पडू द्या, नाहीतर भांड्याच्या पोटात काळा थर राहतो आणि पुढं ग्लेझला फुगे येतात. आमच्याकडं आव्याला (कुंभाराच्या उघड्या भट्टीला) खापऱ्या आणि चिखलाचं लिंपण करतानाही आबा धुराची भोकं आधी ठेवायचे आणि मग एकेक बंद करायचे. ते सील करणंच होतं, फक्त घाई नव्हती.

विटांनी बंद करायचं दार असेल तर सांध्यात फायरक्ले, वाळू आणि भाताचं तूस भरा. सिमेंट नको. ४००-५०० अंशांच्या पुढं त्याची ताकद जाते, थंड झाल्यावर दमट हवेनं ते फुगतं आणि भुगा होतं. दर फायरिंगला नवा लेप लावायला दहा मिनिटं लागतात, त्याचा कंटाळा करू नका.

ब्लँकेट कापताना मास्क लावा. साधा फडका चालणार नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला. भाजून झालेली जुनी पट्टी काढताना तर जास्तच जपा, कारण तापून तिच्यात क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक स्फटिक प्रकार) तयार झालेलं असतं आणि ते फुप्फुसाला वाईट. आधी पाणी शिंपडा, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा, कपडे वेगळे धुवा. यात सवलत नाही.

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा पट्टी वाकडीच बसते, सगळ्यांची बसते. पुढच्या फायरिंगला काढून परत लावा. पावसाळ्यानंतर मात्र पहिली आग रिकाम्या भट्टीला, अगदी मंद द्या. आपल्याकडच्या पावसात विटा आणि ब्लँकेट किती ओल धरतात ते दारातून निघणाऱ्या वाफेवरून कळेलच. ती थांबल्यावर दाराचे बोल्ट पुन्हा एकदा बघा, मगच माल भरा.